प्रकरण अकरावे : लोहार हरले

एकोणीसशे अडुसष्ट सालच्या ऑक्टोबरात केलबर्ग विद्यापीठाच्या ‘बगळे’ संघाने ओस्टरडाल कॉलेजच्या ‘लोहार’ संघाला चौदा-तेरा असं हरवलं, आणि शेवटचा टचडाउन टॉलेफसनांच्या घरातल्या माणसाने केला.

असं काहीही घडलेलं नाही.

तेव्हा ते सोडून देऊ आणि सरळ त्या शनिवारच्या सकाळकडे वळू. अमेरिकन फुटबॉलच्या संघाला शंभर वर्षं झाली म्हणून विद्यापीठाने मोठा समारंभ ठेवला होता, आणि स्टेडियमच्या पूर्वेच्या गवती पार्किंगमध्ये टॉलेफसन मंडळी एका न घडलेल्या गोष्टीचा सत्कार घ्यायला जमली होती. अर्थात ती घडलेली नाही, हे त्यांना अजून कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे सगळे खुशीत होते.

कर्टिस शेगडीवर सॉसेज भाजत होता. त्याची बहीण जोलीन बटाट्याच्या सॅलडवरची माशी हाकलत होती. गोठा जळाला त्या हिवाळ्यापासून ही दोघं भावंडं एकमेकांशी फक्त हवामानावर बोलत, आणि आज हवा चांगली असल्यामुळे बोलायला फारसं काही नव्हतं. त्यांचे वडील व्हर्लिन घडीच्या खुर्चीत हिरवी जर्सी घालून बसले होते. जर्सीवर एक्केचाळीस नंबर होता. चार पोटाच्या एका बाजूला गेला होता आणि एक दुसऱ्या बाजूला, पण गावात ज्याला त्याला तो पाठ होता. कर्टिसच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाचं नावसुद्धा ‘एक्केचाळीस नंबर’.

व्हर्लिनचा धाकटा भाऊ ड्वेन गाडीतून उरलेल्या खुर्च्या उतरवत होता. ड्वेनने लग्न केलं नाही, कॉलेज केलं नाही, आणि घरच्या गाई विकेपर्यंत एकही धार चुकवली नाही. कुटुंबाच्या प्रत्येक फोटोत तो एका कडेला अर्धा असतो.

“काका, शर्टाला इस्त्री?” जोलीनने विचारलं.

“तुझ्या आईने करायला लावली.”

“का?”

“विचारलं नाही.”

आर्डिसने, म्हणजे आईने, हे ऐकलं आणि डब्यावरचं झाकण उगीच काढून पुन्हा लावलं. तिच्या पोटात एक गोष्ट होती. वसंतात विद्यापीठाची दोन माणसं संघाचा इतिहास लिहायला म्हणून रेकॉर्डर घेऊन घरी आली होती. व्हर्लिन दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. आर्डिसने त्यांना कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या, आणि अडुसष्ट सालचा तो टचडाउन व्हर्लिनने केला नव्हता, ड्वेनने केला होता, हेही दिलं. त्या दोघांनी “अरे वा, फारच सुंदर” म्हटलं आणि आणखी वड्या मागितल्या. त्या दिवसापासून आर्डिसला खात्री होती की आता इतिहासात नाव दुरुस्त होणार. आज मध्यंतरात लाउडस्पीकरवरून सगळ्या स्टेडियमसमोर ‘ड्वेन टॉलेफसन’ असा पुकारा होणार. एकदाच होईल, पण होईल. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त इस्त्री करायला लावली होती.

“व्हर्लिन, तू ती जर्सी काढ ना,” ती म्हणाली. “गरम होईल.”

“मैदानावर जायचंय मला. बनियनवर जाऊ?”

“बघ बाई. मी सुचवलं.”

तेवढ्यात हिरव्या टी-शर्टातला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरुण गाड्यांच्या मधून वाट काढत आला. तो हसत होता, पण दवाखान्यात आत बोलावण्याआधी हसतात तसं.

“टॉलेफसन कुटुंब? मी केंट व्हँडरवील. नियमपालन विभाग, सहायक संचालक.”

“या, या, सॉसेज घ्या,” कर्टिस म्हणाला.

“नाही, नको. माजी खेळाडूंच्या कुटुंबाकडून खाणं घेतलं तर आम्हाला त्याची नोंद करावी लागते.”

“मी कधी खेळाडू नव्हतो,” ड्वेन म्हणाला आणि त्याने स्वतःची प्लेट पुढे केली. “माझ्याकडून घ्या.”

केंटने क्षणभर विचार केला, नियम मनात वरपासून खालपर्यंत वाचला आणि सॉसेज घेतलं. घास घेतल्यावर त्याला धीर आला.

“अडुसष्टच्या सामन्याबद्दल एक छोटा बदल आहे,” तो म्हणाला. “तुमचा विजय रिक्त करण्यात आलाय.”

कर्टिसने सॉसेज उलटवलं.

“रिक्त म्हणजे?” व्हर्लिनने विचारलं. “आम्ही हरलो?”

“छे, छे! तुम्ही हरला नाहीत.”

“मग बरोबरी?”

“नाही.”

“सामना झालाच नाही?”

“सामना झाला. ओस्टरडाल हरलं. त्यांचा पराभव कायम आहे.”

“कोणाकडून हरलं?”

“ते आता नमूद नाही.”

जोलीन जिल्ह्याच्या कचेरीत जमिनीच्या नोंदी करते. एकाच शेताचे तीन मालक तिने पाहिले होते आणि मालक नसलेलं शेतही पाहिलं होतं, पण हे तिला नवीन होतं. “थांबा,” ती म्हणाली. “समजा मी शर्यत हरले. मग कोणीतरी जिंकलंच ना?”

“साधारणपणे हो.”

“आणि इथे?”

“इथे फक्त हरणं शिल्लक आहे.” केंटने हे फार मायेने सांगितलं. गुरुवारी कॉलेजांच्या क्रीडा परिषदेचा निर्णय आल्यापासून तो स्वतःही त्यावर विचार करत होता, आणि ते कळण्याच्या तो जितका जवळ जाई, तितकं त्याचं डोकं दुखे. “कारण असं की त्या दिवशी एक्केचाळीस नंबरच्या जर्सीत मिस्टर व्हर्लिन नव्हते. दुसरेच कोणीतरी होते. आमच्याकडे ही माहिती आली, आमचं विद्यापीठ प्रामाणिक आहे, म्हणून आम्ही स्वतःहून परिषदेला कळवलं. परिषदेने आमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि विजय काढून घेतला.”

“काय मूर्खपणा आहे हा!” कर्टिस म्हणाला. “कोणी दिली ही माहिती? ओस्टरडालवाल्यांनी?”

“तुमच्या घरातून आली.”

“मी सांगितलं,” आर्डिस म्हणाली.

कर्टिस चिमटा हातात घेऊन उभा राहिला. डोळ्यांसमोर त्याला दुकानाची पाटी दिसत होती. ती त्याने अलीकडेच नवी करून घेतली होती, रात्री उजळणारी. “आई, तू वाट्टेल ते सांगितलंस त्या लोकांना? बाबा, सांगा हिला!”

व्हर्लिनने सांगायला तोंड उघडलं. ती धाव त्याने आजवर इतक्या लोकांना सांगितली होती, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, दोन्ही मुलांच्या लग्नात, की त्या गवताचा वास, डाव्या खांद्याला लागलेला लोहारांच्या पोराचा हात, पांढरी रेघ, सगळं त्याच्या स्वतःच्या अंगात होतं. मधली कित्येक वर्षं तर त्याला प्रामाणिकपणे वाटत असे की आपणच पळालो. मग कधीतरी ड्वेन शेजारून मीठ मागे, आणि गवताचा वास एकदम निघून जाई.

“मासा होता,” व्हर्लिन म्हणाला.

“काय?”

“शुक्रवारी चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं जेवण होतं. कार्ल ओपडालशी माझी पैज लागली.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. क्षारात भिजवून थुलथुलीत केलेल्या त्या सुक्या माशाने केलबर्गमध्ये अनेक मोठ्या माणसांना शनिवारी घरी बसवलं आहे.

“सामन्याच्या उत्तरार्धात मी शौचालयात होतो,” तो म्हणाला. “सगळाच उत्तरार्ध. ड्वेन सामना बघायला आला होता. मी त्याला म्हटलं, माझी जर्सी घाल, हेल्मेट घाल आणि बाकावर नुसता बसून राहा. कोचला मी जागेवर दिसलो पाहिजे. खेळायचं नाही. नुसतं बसायचं.”

“मी बसलो होतो,” ड्वेन म्हणाला.

“मग उठलात कसे, काका?” जोलीनने विचारलं.

“कोच आले. म्हणाले, आता बरं वाटतंय का? मी म्हटलं, मला बरंच आहे. ते म्हणाले, मग जा आत.” ड्वेनने खांदे उडवले. “खोटं नव्हतं ते. मला बरंच होतं.”

पुढचं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. शेवटचा डाव होता. बगळे सहा गुणांनी मागे होते; चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की टचडाउनचे सहा, आणि त्यानंतरच्या किकचा एक, एवढेच हवे होते. लोहारांनी बगळ्यांचा तो डाव आठवडाभर घोटला होता. एक्केचाळीस नंबर उजवीकडे जातो हे त्यांच्या पाणी देणाऱ्या पोरालाही माहीत होतं. चेंडू सुटला तसे अकराच्या अकरा लोहार उजवीकडे धावले. ड्वेनला डाव माहीतच नव्हता. चेंडू हातात आला आणि समोर डावीकडे मोकळं गवत दिसलं, म्हणून तो तिकडे गेला.

“एका लोहाराचा हात लागला खांद्याला,” ड्वेन म्हणाला. “डाव्या.”

व्हर्लिनने आपला डावा खांदा चोळला.

“पण आई, तुला कसं कळलं?” जोलीन म्हणाली. “हेल्मेट होतं ना?”

“मी बँडमध्ये झांजा वाजवायचे, पुढच्या ओळीत. व्हर्लिन चेंडू काखेत मारून पळायचा, पाव घेऊन चालल्यासारखा. हा मुलगा दोन्ही हातांनी छातीशी धरून पळत होता. वासरू आणतात ना गोठ्यात, पाऊस आल्यावर, तसं. मी झांजा वाजवायचीच विसरले.”

“मग तू लग्न बाबांशी का केलंस?”

“व्हर्लिनने विचारलं,” आर्डिस म्हणाली. “ड्वेन धार काढायला गेला होता.”

जोलीनने दोन्ही म्हाताऱ्यांच्या नाकांकडे आळीपाळीने पाहिलं. नाकं अगदी सारखी होती, त्यामुळे काही निष्पन्न झालं नाही.

“नाकं बघू नकोस,” आर्डिस म्हणाली. “तसलं काही नाही. मला व्हर्लिन आवडायचा. अजूनही आवडतो, अधूनमधून. पण पळाला तो नाही. एवढंच मी त्या लोकांना सांगितलं. मला वाटलं, ते नाव बदलतील.” ती केंटकडे वळली. “तुम्ही नाव बदलायचं होतं. सामना कशाला बदलला?”

केंटने घास गिळला. “नाव बदलायची तरतूद नाही, मॅडम. सामना बदलायची आहे.”

आता इथे टॉलेफसनांचे गट पडले, आणि ते पडण्याच्या वेगाची नोंद घेणं अवघड आहे. सुरुवातीला कर्टिस एका बाजूला आणि बाकी सगळे एका बाजूला असं होतं.

“इतकी वर्षं गप्प बसलीस ना, आई? अजून थोडी बसायचीस. निदान आजचा समारंभ होईपर्यंत. काय बिघडलं असतं?”

“काकांचं नाव आलं नसतं,” जोलीन म्हणाली.

“आता कोणाचं येणारेय? बाबांचं गेलं, ते बघ!”

“बाबांचं होतंच कुठे!”

हे ऐकून व्हर्लिनचा चेहरा असा झाला की जोलीनचा पक्ष तिथल्या तिथे बदलला. तिने त्याच्या खुर्चीमागे जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईवर डोळे वटारले. “तरी बाबांना आधी विचारायला हवं होतंस.”

“तूच आत्ता म्हणालीस—”

“मी म्हणाले ते वेगळ्या अर्थाने.”

“बरं, झालं ते झालं,” कर्टिस केंटला म्हणाला. त्याला एकदम एक वाट दिसली होती. पाटीवर फक्त नंबर होता. नाव कोणाचंच नव्हतं. “साधी गोष्ट आहे. बाबा नाही तर काका. टॉलेफसन तो टॉलेफसन. मध्यंतरात काकांना बोलवा.”

“ते शक्य नाही. मिस्टर ड्वेन संघात नव्हते.”

“ते संघात होते म्हणूनच तर विजय गेला!”

“ते संघात नव्हते म्हणून गेला.”

“मग संघात नसलेल्या माणसाने टचडाउन केला कसा?”

“टचडाउन झालेला नाही.”

“मग लोहार किती गुणांनी हरले?”

“चौदा-तेरा,” केंट म्हणाला, आणि मग त्याने डोळे मिटले.

कर्टिस आता तावातावाने काकांच्या बाजूने होता. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ड्वेन त्याच्याकडे जरा घाबरून बघत होता. जोलीनने कचेरीतला आवाज काढला. “निर्णयाच्या कागदावर कारण काय दिलंय? नेमके शब्द सांगा.”

“अपात्र खेळाडूचा सहभाग.”

“अपात्र खेळाडूचं नाव?”

“व्हर्लिन टॉलेफसन.”

“अहो, पण बाबा शौचालयात होते!”

“हो. पण जर्सी त्यांच्या नावावर होती. आणि बघा, अपात्र ठरायला माणूस आधी यादीत असावा लागतो. मिस्टर ड्वेन विद्यापीठातच नव्हते. जो कधी पात्रच नव्हता, त्याला आम्ही अपात्र ठरवू शकत नाही. त्यांच्याबद्दल आमच्याकडे काहीच नाही. नियमाच्या दृष्टीने ते…” त्याने हातातल्या अर्ध्या सॉसेजकडे पाहिलं. “अरे देवा. हे मी नेमकं कोणाकडून घेतलंय?”

“संपवा आता,” ड्वेन म्हणाला. “गार होईल.”

आर्डिस खाली बसली. तिला एक नाव जोडायचं होतं. तिने एक काढलं होतं आणि दुसरं आलंच नव्हतं. ती ड्वेनच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिली. कॉलरला एक सुरकुती राहून गेली होती. तिला वाटलं, निदान तेवढं तरी आपल्याला जमायला हवं होतं.

“मिस्टर ड्वेन,” केंट मऊ आवाजात म्हणाला, कारण तो वाईट माणूस नव्हता, “तुम्हाला काही म्हणायचंय?”

सगळे ड्वेनकडे वळले. इतक्या सगळ्यांनी एकदम आपल्याकडे बघायची त्याला सवय नव्हती.

“रेघ ओलांडली तेव्हा फार मोठा आवाज झाला,” तो म्हणाला. “मला वाटलं, कोणीतरी पडलं की काय. मग कळलं की टाळ्या आहेत. माझ्यासाठी. तिथून बाकापर्यंत चालत यायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ मला तसं वाटत होतं. मग ऐकू यायला लागलं. ते ‘व्हर्लिन, व्हर्लिन’ ओरडत होते.” तो थांबला. “बरोबरच होतं म्हणा. जर्सी त्याची होती.”

व्हर्लिनने मान खाली घातली. पोटावरचे चार आणि एक त्याला उलटे दिसत होते.

“मी आत येऊन जर्सी काढून दिली,” ड्वेन म्हणाला. “याने घातली आणि बाहेर गेला. याला खांद्यावर घेतलं सगळ्यांनी. मला निघायचंच होतं. सॉसेज जळतायत, कर्टिस.”

खरंच जळत होती.

*

सत्कार रद्द झाला तरी तिकिटं काढलेली होती, आणि केलबर्गमध्ये काढलेलं तिकीट कोणी फुकट घालवत नाही. ते सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. सामन्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बगळे हरत होते, पण ही हार पक्की होती, आणि ती कोणीही काढून घेणार नव्हतं.

मध्यंतर झालं. लाउडस्पीकरवाल्याने शंभर वर्षांतले मोठे क्षण एकेक करून वाचायला घेतले. पहिला संघ, ज्याच्याकडे हेल्मेटं नव्हती. युद्धाच्या वर्षी सामना सोडून मका काढायला गेलेला संघ. प्रत्येक वेळी कोणाचा तरी मुलगा किंवा नातू मैदानावर यायचा, आणि विद्यापीठाचा बगळा, म्हणजे पिसांच्या पोशाखातला एक विद्यार्थी, धावत जाऊन त्याला मिठी मारायचा.

“एकोणीसशे अडुसष्ट,” लाउडस्पीकर म्हणाला. सगळं स्टेडियम पुढे सरकून बसलं. गावाला हा क्षण माहीत होता. “या मैदानावर, या महिन्यात, ओस्टरडाल हरलं.”

लाउडस्पीकर थांबला. कागदावर पुढे बहुतेक काही नव्हतं. पण कार्यक्रमात या क्षणासाठी वेळ राखून ठेवलेला होता आणि तो कापायला कोणी सांगितलं नव्हतं. बँडने विजयगीत सुरू केलं. खेळाडू मैदानावर येतात त्या बोगद्याचं दार उघडलं. त्यातून कोणी आलं नाही. बगळ्यालाही काही सांगितलेलं नव्हतं. तो पंख पसरून मैदानाच्या मध्यापर्यंत धावत गेला, मिठी मारायला कोणीच सापडेना म्हणून स्वतःभोवती दोनदा फिरला आणि शेवटी पंख तसेच पसरून उभा राहिला.

आणि लोक उठले. आमच्याकडची माणसं सभ्य आहेत. विजयगीत वाजलं की उभं राहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते उभे राहिले आणि त्यांनी रिकाम्या गवताकडे बघून टाळ्या वाजवल्या. आधी जरा गोंधळून, मग शेजारचा वाजवतोय म्हणून, आणि मग खरोखरच जोरात, कारण इतक्या टाळ्या कशासाठी आहेत हे आपल्यालाच तेवढं माहीत नाही, असं प्रत्येकाला वाटायला लागलं.

आर्डिसने हात मांडीवर ठेवले होते. कर्टिस मैदानावर काका दिसतायत का बघत होता, जरी काका त्याच्या शेजारी होते. ड्वेनही उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता, तळहात नीट जुळवून, चर्चमध्ये वाजवतात तशा.

“कोणासाठी वाजवतोयस?” व्हर्लिनने त्याला विचारलं.

“माहीत नाही रे. सगळे वाजवतायत.”

व्हर्लिन त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने जर्सी दोन्ही हातांनी डोक्यावरून ओढून काढली. ती नाकाशी अडकली आणि जोलीनला ओढून काढावी लागली. खाली बनियनच होता. केंट जिन्याच्या तोंडाशी उभा होता, टॉलेफसनांपैकी कोणी मैदानावर उडी मारली तर अडवायला. त्याच्या हातात सॉसेजची रिकामी प्लेट होती. ती फेकून देणं म्हणजे पुरावा नष्ट करणं होईल का, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

“अपील कुठे करायचं?” व्हर्लिनने विचारलं.

“परिषदेकडे. पण अपील फक्त अपात्र ठरलेल्या खेळाडूला करता येतं.”

“तो मी आहे ना?”

“कागदावर तुम्हीच आहात.”

“मग मीच करतो.”

“बाबा, विजय परत मागा!” कर्टिस मागून म्हणाला. “बाकी काही बोलू नका. विजय मागा आणि गप्प बसा.”

“मला विजय नकोय.”

“मग कशाला अपील?”

“खरं सांगू का, सर,” केंट म्हणाला, “परिषदेने आजवर कोणाचंही मान्य केलेलं नाही. आणि तुम्ही जे मागणार आहात ते मला कळतंय, आणि त्यासाठी तर रकानाच नाही.”

“जोलीन, फोन काढ. लिहून घे. तुमच्या कचेरीच्या भाषेत लिही, नाहीतर ते लोक वाचायचे नाहीत.”

जोलीनने फोन काढला. आर्डिस उठून व्हर्लिनच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने आपला कोट त्याच्या बनियनवर टाकला. ती त्या दिवसभरात कोणाच्या बाजूला आहे हे कोणालाच कळलं नव्हतं. आता कळलं.

“राहू दे रे, व्हर्लिन,” ड्वेन म्हणाला. “जाऊ दे ना. खरंच.”

“तू मध्ये बोलू नकोस,” व्हर्लिन म्हणाला. “तू संघात नाहीस.”

खाली मैदानावर बगळ्याला कोणीतरी हाताला धरून बाहेर नेत होतं. टाळ्या विरत आल्या होत्या. व्हर्लिन एकेक वाक्य सांगत गेला, जोलीन त्याची कचेरी करत गेली, आणि शेवटी तिने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

“प्रति, माननीय अध्यक्ष, परिषद. विषय : केलबर्ग विरुद्ध ओस्टरडाल, १९६८, या रिक्त विजयाबाबत. महोदय, उपरोक्त सामन्यात अपात्र खेळाडू म्हणून अर्जदाराचे नाव नोंदविण्यात आलेले आहे. अर्जदार सदर वेळी मैदानावर उपस्थित नसल्याने त्या नोंदीस पात्र नाही. विजय पुनःस्थापित करण्याबाबत अर्जदाराची कोणतीही मागणी नाही. तथापि, अपात्र खेळाडू म्हणून अर्जदाराचे नाव वगळून त्या जागी अर्जदाराचे कनिष्ठ बंधू श्री. ड्वेन टॉलेफसन यांचे नाव नोंदविण्यात यावे. सदर नाव इतिहासातून काढून टाकणे नियमानुसार आवश्यक असल्यास त्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र काढून टाकण्यापूर्वी ते एकदा लिहिण्यात यावे, ही नम्र विनंती.”